ठाण्याच्या फ्लॅटमध्ये अंड्यातून मासे वाढवायचेत? ट्राऊट राहू दे, एंजलपासून सुरुवात करा

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही मनालीला गेलो होतो, वाटेत पतलीकूहलला ट्राऊटचं सरकारी फार्म आहे तिथे थांबलो, लांबच लांब सिमेंटच्या टाक्या आणि त्यातनं बर्फासारखं गार पाणी धो धो वाहतंय आणि त्यात मासे. माझा मुलगा तेव्हा सहावीत होता, त्याने तिथेच धोशा लावला की आई, आपण घरी अंड्यातून ट्राऊट वाढवूया. घरी आल्यावर मी खरंच बसून सगळं वाचलं, लोकांना विचारलं, आणि शेवटी ट्राऊट नाही पण एंजल फिश अंड्यातून वाढवायला लागलो. आता तो दहावीत आहे आणि पिल्लांना सकाळचं खाणं अजून तोच घालतो. दर थोड्या दिवसांनी ओळखीतलं कोणीतरी विचारतं की कसं करतेस, म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

आधी ट्राऊटचं सांगते, कारण हा प्रश्न हमखास येतो. रेनबो ट्राऊटच्या अंड्यांना साधारण ८ ते १२ डिग्रीचं पाणी लागतं, तेही स्वच्छ, वाहतं, ऑक्सिजनने भरलेलं. १० डिग्रीला अंडं फुटायला महिनाभर लागतो, त्यात पहिले दोनेक आठवडे, म्हणजे अंड्यात डोळ्यांचे काळे ठिपके दिसेपर्यंत, अंड्यांना धक्का सुद्धा लागता कामा नये आणि अंधारात ठेवायची. पिल्लं झाल्यावर पण पाणी गारच हवं, विशीच्या वर गेलं की ट्राऊटचे हाल सुरू होतात. आता आपल्याकडे मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला येतं ते हाताला चटका देतं. अमेरिकेत शाळांमध्ये चिलर, म्हणजे पाणी गार ठेवायचं यंत्र, लावून मुलं ट्राऊटची अंडी उबवतात, पण तो चिलर महिनोन् महिने २४ तास चालू ठेवावा लागतो आणि तिथे मुळात बाहेरच थंडी असते. आपल्या देशात ट्राऊट कुल्लू, काश्मीरचं कोकरनाग, निलगिरी, मुन्नार अशा थंड ठिकाणीच राहिला त्याला कारण आहे. ठाण्यातल्या वन बीएचकेत त्याला आणून मारणं मला पटलं नाही.

पण मुलाला जे बघायचं होतं ना, अंड्यात डोळे दिसणं, शेपटी हलणं, पोटाखालची पिवळी पिशवी संपणं आणि मग एका सकाळी सगळ्यांनी एकदम पोहायला लागणं, ते सगळं एंजलमध्ये दिसतं. एंजल अमेझॉनच्या खोऱ्यातला, त्याला २६ ते २९ डिग्री पाणी आवडतं, आणि हे तापमान आपल्याकडे वर्षातले आठ-नऊ महिने फुकट मिळतं. ट्राऊटचा एक महिना तो इथे अडीच दिवस.

आता मुद्द्याचं, पूर्ण लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: अंडी मिळणं अवघड नाही, अंडी फुटणं पण अवघड नाही, पिल्लं मरतात ती पोहायला लागल्यानंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत, आणि मरतात ती उपासमारीने नाहीतर घाण पाण्याने. म्हणजे पिल्लांचं खाणं आणि पाणी हे अंड्यांच्या आधी तयार पाहिजे. आमची पहिली अख्खी बॅच याच चुकीने गेली, दीड-दोनशे पिल्लं पोहायला लागली तेव्हा खाणं शोधायला मी कुर्ल्याला धावले, परत येऊन दुसऱ्या दिवशी ते खाणं तयार होईपर्यंत तळाशी पांढरा थर झाला होता. मुलगा दोन दिवस जेवला नाही धड. म्हणून मी पायऱ्या उलट्या क्रमाने वाटतील अशा सांगतेय, तसंच करा.

पाणी

तुमच्याकडे नळाला काय येतं ते आधी कळलं पाहिजे. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी, ठाण्यात वेगवेगळ्या भागात वेगवेगळ्या योजनांचं, पण बहुतेक सगळं धरणाचं-नदीचं पावसाचं पाणी, त्यामुळे तसं मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, असतं आणि एंजलला मऊच लागतं. अडचण होते ती जिथे टँकर किंवा बोअरिंगचं पाणी मिसळतात तिथे, घोडबंदरच्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात असं होतं. आरओ फिल्टरची सर्व्हिसिंग करायला जो मुलगा येतो त्याच्याकडे टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं, पेन असतं, त्याला नळाचं पाणी मोजायला सांगा, किंवा स्वतःच घ्या, महाग नसतं. २०० च्या आत असेल तर छान. ५०० च्या वर असेल तर मोठे मासे जगतील पण अंडी फुटायला त्रास होतो, मग निम्मं आरओचं पाणी मिसळायचं. नुसतं आरओचं वापरू नका, त्यात क्षार जवळपास नसतातच आणि पीएच वरखाली उड्या मारतो.

क्लोरीन काढायला पाणी बादलीत भरून एअर स्टोन (पंपाच्या नळीच्या टोकाला लावायचा, बारीक बुडबुडे काढणारा दगड) लावून २४ तास ठेवायचं, किंवा घाई असेल तर दुकानातलं अँटी क्लोरीन बाटलीवर लिहिलंय तेवढं. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा औषधाचा वास जास्त येतो, त्या दिवसांत मी दोन्ही करते. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, सोसायटीची टाकी धुण्याचा दिवस! वॉचमनला सांगून ठेवा की टाकी धुणार असतील तर आदल्या दिवशी सांग. टाकी धुताना ब्लीचिंग पावडर मारतात, त्यानंतर दोन दिवस ते पाणी माशांना घालायचं नाही. आमची एक जोडी अशीच कल्ले उघडून वर आली होती, वाचली नशिबाने, तेव्हापासून घरात ४० लिटरचा ड्रम कायम भरलेला असतो.

टाक्या

सुरुवातीला दोन टाक्या लागतात, एक जोडीची आणि एक पिल्लांची, पिल्लं वाढली की त्यांना अजून एक मोठी. जोडीला २ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, साधारण १२५ लिटर होते. एंजल उभा मासा आहे, उंची कमी केली तर पंख वाकतात, म्हणून दीड फूट उंची सोडू नका. भरल्यावर स्टँडसकट दीडशे किलोच्या वर जाते, तेव्हा भिंतीला लागून ठेवा, खोलीच्या मधोमध नको. तळाला दगड-वाळू काही नको, रिकामी काच. आत फक्त एक स्पंज फिल्टर, एक हीटर आणि अंडी घालायला पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा तिरका टेकवून. पाइप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, कापून घ्यायचा, कडा घासून घ्यायच्या, गरम पाण्याने धुवायचा, साबण नाही. एंजल उभ्या गुळगुळीत पृष्ठभागावर अंडी घालतात, निसर्गात पानावर, आपल्याकडे पाइपवर, आणि काहीच नाही दिलं तर हीटरवर घालतील आणि मग ती हलवता येत नाहीत.

पिल्लांची टाकी छोटी, १५ ते २० लिटर बास. मोठी घेतली तर एवढ्याशा पिल्लांना खाणं सापडत नाही. तिचा स्पंज आधीपासून जोडीच्या टाकीतच दुसऱ्या कोपऱ्यात चालू ठेवायचा, कारण स्पंजमध्ये जे चांगले बॅक्टेरिया बसतात तेच माशांच्या घाणीतला अमोनिया खातात, आणि ते बसायला नवीन टाकीत ४ ते ६ आठवडे लागतात. नवा कोरा स्पंज पिल्लांच्या टाकीत टाकून काही उपयोग नाही, तो फक्त बुडबुडे काढतो. कोणाकडे जुनी टाकी चालू असेल तर त्यांच्याकडनं वापरातला स्पंज मागून घ्या, मात्र त्यांचे मासे आजारी नाहीत एवढं बघा.

हीटर कशाला, आपल्याकडे तर गरमच असतं, असं दुकानात पण सांगतात. डिसेंबर-जानेवारीत येऊरच्या बाजूच्या घरात पहाटे टाकीचं पाणी २२-२३ वर येतं, मी मोजलंय, आणि दिवसा परत २६. मोठ्यांना चालतं, अंड्यांना ही वरखाली नको. जोडीला १०० वॉट, पिल्लांना २५ किंवा ५० वॉट, २८ वर सेट. उन्हाळ्यात उलटं, पाणी ३२ च्या पुढे जायला लागलं की टाकीचं झाकण काढून वर छोटा पंखा मारा, दोन-तीन डिग्री उतरते, पाणी उडतं तेवढं रोज भरायचं.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत चेक व्हॉल्व्ह लावा, लाईट गेली की पाणी नळीतनं उलटं पंपात येतं आणि मग जमिनीवर. बॅटरीवर चालणारा एअर पंप एक घरात असू द्या, जूनमधल्या पहिल्या वादळी पावसात लाईट जाते ती कधी येईल सांगता येत नाही. आणि पंप हवा घेतो ती खोलीतलीच, हे विसरायचं नाही! डासांचं लिक्विड, कॉइल, सोसायटीत धूर मारायला येतात तो, सगळं पंपातनं थेट पाण्यात जातं. धूरवाल्यांचा आवाज आला की खिडक्या बंद, पंप बंद, टाकीवर ओला टॉवेल, अर्ध्या तासाने परत चालू.

खाणं, म्हणजे आर्टेमिया

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे म्हणून जरा सविस्तर. एंजलची पिल्लं पोहायला लागली की त्यांना हलणारं, जिवंत, अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं काहीतरी लागतं. ते म्हणजे आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्लं, खाऱ्या पाण्यातला एक बारीक जीव आहे, त्याची अंडी सुकवून डब्यात मिळतात, बघायला कॉफीच्या पावडरीसारखी. कुर्ल्याच्या अ‍ॅक्वेरियम मार्केटात, क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला किंवा ऑनलाइन. सीलबंद डबा घ्या, आणि घरी आणल्यावर हवाबंद करून फ्रीजमध्ये, दमट हवेत त्याची फुटण्याची ताकद जाते आणि आपल्याकडे जुलैत तर मीठ सुद्धा पाणी सोडतं. काही दुकानात सुट्टी पुडी बांधून देतात, ती मी दोनदा घेतली, दोन्ही वेळा दहातली एक पण फुटली नाही.

कृती अशी. दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या, बूड कापा, झाकण घट्ट लावा आणि उलटी टांगा किंवा दुसऱ्या कापलेल्या बाटलीत उलटी उभी करा. एक लिटर क्लोरीन उडवलेलं पाणी, २५ ग्रॅम खडे मीठ, काट्यावर मोजून, अंदाजे नाही. खडे मीठ म्हणजे किराणावाल्याकडे लोणच्यासाठी मिळतं ते साधं मिठागरातलं. आपलं पाणी मऊ आहे म्हणून चिमूटभर खायचा सोडा. त्यात पाव चहाचा चमचा आर्टेमियाची अंडी. एअर पंपाची नळी थेट तळापर्यंत सोडायची, स्टोन नको, मोठे बुडबुडे जोरात आले पाहिजेत की काही खाली बसणार नाही. वरती एक दिवा चालू, तापमान २६ ते २८. चोवीस तासांत पाणी नारिंगी दिसायला लागतं, थंडीत छत्तीस तास धरा.

काढताना हवा बंद करायची आणि दहा मिनिटं थांबायचं. फुटलेली टरफलं वर तरंगतात, पिल्लं खाली येतात, आणि ती उजेडाकडे जातात म्हणून झाकणाजवळ मोबाइलचा टॉर्च धरला की सगळी तिथे नारिंगी ढग होऊन गोळा होतात. बारीक नळीने तोंडाने न ओढता सिरिंजने ओढून घ्या आणि जुन्या सुती रुमालातनं गाळा. चहाच्या गाळणीतनं सगळी निसटतात, आम्ही करून बघितलंय. रुमालातच साध्या पाण्याने धुवायचं म्हणजे मीठ जातं, आणि मग चमचाभर पाण्यात मोकळं करायचं. टरफलं टाकीत जाऊ देऊ नका, पिल्लांनी गिळली तर पोटात अडकतात.

फुटल्यावर आर्टेमिया स्वतःच्या अंगातली चरबी संपवत जातो, त्यामुळे एक दिवस जुना झाला की त्यात दम राहत नाही. म्हणून दोन बाटल्या, एक आज लावायची, एक उद्या, आळीपाळीने, जसं घरात दही विरजण लावतो तसं रोजचं काम. हे सगळं अंडी पडायच्या आधी दोन-तीनदा करून बघा. हात बसल्याशिवाय जोडी आणायची घाई करू नका, खरंच सांगते.

उकडलेल्या अंड्याचा बलक घाला असं बरेच जण सांगतात. दोन तासांत पाणी दुधासारखं होतं आणि सकाळी वास. नवीन माणसाने ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि पिल्लांच्या खाण्यासाठी बाल्कनीत टब ठेवून हिरवं, म्हणजे बारीक शेवाळाचं, पाणी करायचं असेल तर त्यावर जाळी बांधा, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

जोडी

एंजलमध्ये नर-मादी बाहेरून ओळखू येत नाही, दुकानदार काका बोटाने दाखवून हा नर ही मादी म्हणाले तरी विश्वास ठेवू नका. अंडी घालायच्या वेळी पोटाखाली बारीक नळी बाहेर येते, नराची बारीक टोकदार, मादीची रुंद बोथट, तेव्हाच खरं कळतं. सोपा मार्ग म्हणजे सहा छोटी एंजल एकत्र घ्यायची आणि आठ-दहा महिने वाढवायची. त्यातले दोघं एक कोपरा धरतात आणि बाकीच्यांना हाकलायला लागतात, ती तुमची जोडी. बाकीचे चार दुसऱ्या टाकीत किंवा दुकानात परत. घाई असेल तर तयार जोडी मिळते पण ज्यांनी अंडी घालताना बघितलंय त्यांच्याकडनंच घ्या. कधीकधी दोन माद्या पण जोडी करतात आणि अंडी घालतात, सगळी पांढरी पडतात, माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

जोडीला दिवसातनं दोनदा खाणं, एकदा दाणे आणि एकदा फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्या. ट्युबिफेक्सचे लाल किडे गटाराच्या पाण्यात वाढतात, मी घरात आणत नाही. दर तीन-चार दिवसांनी पाव टाकी पाणी बदला, नवीन पाणी किंचित गार असलं तर पुष्कळदा एक-दोन दिवसांत ते पाइप घासायला लागतात.

रस्त्यावरच्या बदामाची वाळून पडलेली पानं, लाल-तपकिरी मोठी असतात ती, ट्रॅफिकपासून लांबच्या झाडाखालची आणून धुऊन एक-दोन टाकीत टाकते मी. पाण्याला चहासारखा रंग येतो, बुरशी कमी होते, आणि जोडी शांत राहते. इथे प्रत्येक गल्लीत बदाम आहे, फुकट औषध.

अंडी पडल्यावर

दोघं पाइप तोंडाने घासत असतील तर साधारण दिवसभरात किंवा दुसऱ्या दिवशी, बहुतेक संध्याकाळी, मादी पाइपवरनं खालून वर सरकत ओळीने अंडी चिकटवत जाते आणि मागोमाग नर. तास-दीड तास चालतं. टीव्ही बंद करा, दिवे मंद करा, सगळ्या बिल्डिंगला बघायला बोलावू नका, मला कौतुक वाटून मी शेजारच्या वहिनींना मुलांसकट बोलावलं होतं आणि जोडीने घाबरून अर्धी अंडी खाल्ली. शंभर ते पाचशे पर्यंत अंडी असतात, मध्यम आकाराच्या जोडीची दोन-तीनशे.

पहिल्या दोन-तीन वेळा आई-बापच अंडी खातात, ते नॉर्मल आहे, शिकतायत बिचारे. माझं मत असं की पहिली दोन वेळा त्यांच्याकडेच राहू द्या, बघा काय करतात, तोवर तुमचा आर्टेमियाचा सराव. तिसऱ्यापासून अंडी काढा. आई-बाप स्वतः पिल्लं घेऊन फिरतात ते दृश्य अप्रतिम असतं, पण त्यात किती वाचतील याचा भरवसा नाही.

काढायची पद्धत: पिल्लांच्या टाकीत जोडीच्याच टाकीचं पाणी भरा, नवीन नाही. पाइप एका डब्यात पाण्यासकट घेऊन तिकडे न्यायचा, अंडी आतल्या बाजूला वळवून तिरका ठेवायचा, आणि एअर स्टोन असा लावायचा की बुडबुडे अंड्यांच्या शेजारनं जातील, अंगावर नाहीत, पाणी मात्र हलत राहिलं पाहिजे. आई-बाप पंखाने वारा घालतात ते काम स्टोनने करायचं. मग मिथिलीन ब्लू, म्हणजे बुरशी रोखणारं निळं औषध, बाटलीवरच्या प्रमाणात घालायचं, पाणी निळं दिसेल पण पलीकडचं दिसेल इतपत. स्पंज फिल्टर आत्ता घालू नका, औषध बॅक्टेरिया पण मारतं, तो जोडीकडेच राहू दे. निळा डाग फरशीवरनं आणि कपड्यावरनं जात नाही, जुना गाऊन घालून करा.

२८ डिग्रीला आता पुढचे दिवस मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. दुसऱ्या दिवशी काही अंडी पांढरी होतात, ती फळलेली नाहीत, त्यांच्यावर कापसासारखी बुरशी येते आणि शेजारच्या चांगल्याला धरते, ड्रॉपरच्या टोकाने हळूच काढता आली तर काढा. चांगली अंडी पिवळसर पारदर्शक, आत काळसर ठिपका. अडीच दिवसांच्या आसपास शेपट्या फुटतात, पिल्लं डोक्याने पाइपला चिकटलेली आणि शेपट्या थरथरतायत, अंधारात टॉर्च मारला तर सगळा पाइप हलताना दिसतो. काही गळून तळाला पडतील, पडू द्या, तळाशी गठ्ठा होऊन वळवळतील, मेलेली नाहीत ती. खाणं अजिबात घालायचं नाही! पोटाखाली पिशवी आहे तेच त्यांचं जेवण. या दिवसांत रोज थोडं थोडं निळं पाणी काढून जोडीच्या टाकीचं पाणी भरत जा म्हणजे औषध कमी होत जाईल, आणि पाणी जवळपास साफ झालं की तो तयार स्पंज आत.

सहाव्या दिवशी सकाळी आर्टेमियाची पहिली बाटली लावा, पिल्लं पोहत नसली तरी. सातव्या-आठव्या दिवशी ती उठतात, आधी बेडकासारख्या उड्या मारतात, मग एकदम सगळी अधांतरी. त्याच दिवशी पहिलं खाणं.

पोहायला लागल्यानंतरचे दहा दिवस

दिवसातनं चार वेळा, थोडं थोडं. दहा मिनिटांनी भिंगातनं किंवा मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा, पोटं नारिंगी दिसली म्हणजे खाल्लं. नारिंगी दिसत नसेल तर आर्टेमिया मोठा झालाय किंवा मेलाय, नवीन काढा. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगतो, उरलेला तळाशी मरून सडतो, म्हणून रात्री झोपायच्या आधी एअरलाइनच्या बारीक नळीने तळ सायफन करायचा, पांढऱ्या बादलीत, म्हणजे चुकून पिल्लं आली तर दिसतात आणि चमच्याने परत टाकता येतात. रोज तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदला, नवीन पाणी त्याच खोलीत आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, त्याच तापमानाचं, आणि नळीला गाठ मारून थेंब थेंब सोडा, तांब्याने ओतू नका. रात्री झिरोचा दिवा चालू राहू द्या.

नोकरी करणाऱ्यांनी चार वेळा कसं करायचं? आम्ही सकाळी सहाला, मुलगा शाळेत जायच्या आधी साडेसातला परत, मी ऑफिसमधनं आल्यावर सहाला आणि रात्री दहाला, असं करतो आणि चालतं. दुपारी सासूबाई घालायच्या एक वर्ष, त्यांच्या हातची बॅच सगळ्यात चांगली निघाली. पण गावाला जायचं असेल, गणपतीत कोकणात पाच-सात दिवस, तर त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांत अंडी काढूच नका, जोडीकडेच राहू द्या. शेजाऱ्यांच्या जिवावर हे दहा दिवस निघत नाहीत.

रोज पाच-दहा मरतील. काही तळाशी पोटावर घसटत राहतात, पोहतच नाहीत, ती पुढे जगत नाहीत. मुलाला हे समजावणं मला जड गेलं होतं, मी त्याला अंडी मोजायला लावली आणि दर रविवारी पिल्लं मोजायला लावली, वहीत लिहायला लावली, मग त्याचं त्यालाच दिसलं की पाणी नियमित बदललेल्या आठवड्यात पिल्लं कमी मरतात.

दोन आठवड्यांनी मोठ्या टाकीत हलवा, तिथे गर्दी केली तर पोटाखालचे लांब पंख वाकडे येतात आणि मासा खुजा राहतो. तेव्हापासून बारीक चुरलेले दाणे आर्टेमियात मिसळून सुरू करा. महिन्याभरात उभे पंख फुटून छोटं एंजल दिसायला लागतं. सहा ते आठ आठवड्यांत रुपयाच्या नाण्याएवढी होतात, मग दुकानात देता येतात, आधीच एका दुकानदाराशी बोलून ठेवा की घेणार का, कारण शंभर मासे घरात ठेवणं शक्य नाही. द्यायच्या आदल्या दिवशी खाणं बंद, पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि वर हवा, आणि लोकलने जायचं तर दुपारची गाडी.

जास्त झाले म्हणून तलावपाळीत, उपवनला किंवा खारघरच्या ओढ्यात सोडू नका, एकही नाही. घरातले सकरफिश लोकांनी असेच सोडले आणि आता देशातल्या कितीतरी तळ्या-नद्यांत ते झालेत आणि तिथल्या माशांची जागा खाऊन बसलेत. कोणी घेत नसेल तर पुढच्या वेळची अंडी जोडीकडेच राहू द्या, ती खाऊन टाकतील, तेच बरं.

आणि हे दहा-पंधरा दिवस तुम्ही पिल्लांत अडकलेले असताना तिकडे जोडी परत पाइप घासायला लागलेली असेल, अंडी काढून घेतली की दोन आठवड्यांत ती पुन्हा घालते. टाकी एकच मोकळी असेल तर पाइप बाहेर काढून ठेवा आणि दाणे थोडे कमी करा.